कंत्राटदार पळालेली इमारत

ऑफिसात शहाण्या माणसाने कधी 'मी करतो' म्हणू नये. मी म्हणालो. (माझ्या शहाणपणाचा निकाल घरी केव्हाच लागलेला आहे.)

मी एका नामांकित आर्किटेक्टकडे कारकून आहे. लोक नव्या इमारतींकडे धड बघतसुद्धा नाहीत, याचं साहेबांना फार वाईट वाटायचं. म्हणून त्यांनी खेळायचे पत्ते छापून घेतले. प्रत्येक पत्त्यावर शहरातल्या एका नव्या इमारतीचा फोटो. खेळ सोपा: आपल्या हातातली एक इमारत शेजाऱ्याला द्यायची आणि ती आपल्याला का नको, ते सांगायचं. इमारतींच्या येत्या प्रदर्शनात ठेवण्याआधी तो साध्या माणसांबरोबर खेळून बघायचा होता.

"आमच्या घरी या, साहेब," मी म्हणालो. "आमच्याइतकी साधी माणसं शोधून सापडायची नाहीत."

(माझ्या बढतीचा विषय त्याच सुमारास निघणार होता, हा निव्वळ योगायोग.)

रविवारी साहेब आले. टेबलाभोवती बायको, तिच्या शेजारी सासरे, मग मी आणि साहेब. बायकोने पहिलाच पत्ता सासऱ्यांपुढे सरकवला.

"हे घ्या बाबा. कंत्राटदार मध्येच पळालेला दिसतोय."

मी पत्ता पाहिला. ते साहेबांनी बांधलेलं संग्रहालय होतं. तिला आवरावं म्हणून मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. ती ढिम्म. मी आणखी जोरात दिला.

"काही हवंय का?" साहेबांनी विचारलं.

सासऱ्यांनी पत्ता उजेडात धरला. "खिडकी कुठेच नाही. आत माणसं ठेवतात की बटाटे? घ्या, जावईबापू."

"मला आवडली," मी पत्ता छातीशी धरला. "मी ठेवतो."

"असं कसं? पुढे द्यायला हवी," सासरे म्हणाले.

"नियम तो नियम," साहेब शांतपणे म्हणाले. "द्या इकडे. आणि कारण सांगा."

"साहेब, ही इतकी उच्च दर्जाची आहे, की माझ्या हातात शोभत नाही."

साहेबांनी तो पत्ता माझ्या बायकोला दिला. "मलाही नको, वहिनी. पाऊस आला की गळते."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच बांधली."

बायकोने पत्ता घाईघाईने पालथा घातला. सासरे खोकल्याचं निमित्त करून हसायला लागले, आणि मग साहेबच इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"वहिनी, बाबा, प्रदर्शनात तुम्ही दोघांनी लोकांबरोबर खेळायला बसायचं," जाताना ते म्हणाले. "या इमारतीबद्दल इतकं मनापासून माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं."

प्रदर्शनात त्या दोघांच्या टेबलाशी ही गर्दी. एक बाई पत्ता हातात घेऊन ताटकळत होत्या. मी पुढे झालो. "या इमारतीचं वैशिष्ट्य असं, की..."

"नको, त्या ताई मोकळ्या झाल्या की त्यांनाच विचारते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेवढी रांग सरळ करा."

मी रांग सरळ केली.