गावंडे काकाजी आन मोठ्या साइटवाल्यायचा नियम

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, टपरीवर कोणी चहा पिऊन राहिला असन आन त्याच्या हातात मोबाइल असन, तं गावंडे काकाजी मागून येऊन त्या मोबाइलवर स्टीलची फूटपट्टी ठेवते. ओळख असो का नसो. "भैया, जरा हिलाना मत," म्हणते. मंग चष्मा कपाळावर चढवून, डोळा काचेले लावून जाहिरात मोजते. मंग साऱ्या टपरीले ऐकू जाईन असं सांगते, "पाहा. बातमी बोटभर, जाहिरात वीतभर. एवढी मोठी वेबसाइट, याले कोणी काही म्हणत नाही. नियम फक्त गावंडेसाठी."

लोकायले वाटते म्हातारा सरकला. मले तसं वाटत नाही, कारण मी स्वतःच जागेवर नाही. मी बाबू लोकायले व्हॅनमध्ये भरून नवा रायपूरले नेतो आन संध्याकाळी वापस आणतो. शिक्षणाचं म्हणाल तं पाचवीच्या मास्तरनं माझ्या बापासमोर हात जोडले होते. रायपूरच्या गुढियारीत काकाजीच्या घरावरची खोली किरायानं घेतली आहे. राहतो वरच्या मजल्यावर, तरी त्यायचं सारं ज्ञान माझ्याच डोक्यावर सांडते.

काकाजी रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. रिटायर झाल्यावर लोक देवळात जाते, यायनं वेबसाइट काढली. कूलरची. विकायची नाही, दुरुस्तीची. खस कधी बदलावी, पंप पाणी काहून फेकत नाही, पंखा उलटा फिरून राहिला तं घाबरू नका, असं सारं हिंदीत लिहून ठेवलं. रायपूरची गरमी तुमाले मालूम असन. एप्रिल लागला का लोक देवापेक्षा कूलरले जास्त आठवते. तं काकाजीच्या साइटवर बऱ्यापैकी गर्दी होऊ लागली, आन मंग त्यायनं तिच्यावर जाहिराती लावल्या.

पहिली जाहिरात आली त्या दिवशी पेढे वाटले. जाहिरात एसीची होती. मी पेढा खात खात म्हटलं, "काकाजी, हे तं कूलरच्या छातीवर एसी बसवल्यासारखं झालं."

"असू दे बे गज्ज्या," म्हणाले. "पाहुणा आहे तो. पाहुण्याची जात इचारत नाही."

तो पाहुणा लवकरच गेला. जाहिराती देणाऱ्या कंपनीचा मेल आला. इंग्रजीत होता, काकाजीनं मले मराठीत समजावला. म्हणे जाहिरात बटनाच्या एकदम बाजूले आहे, लोक चुकून दाबते, हे नियमात बसत नाही. सुधरवत नाही तोवर जाहिराती बंद.

मी म्हटलं, "असा कोण गाढव आहे जो पंपाच्या बटनाऐवजी एसी दाबन?"

मंग मले आठवलं. मीच दाबली होती. 'पंप चालू नहीं हो रहा? यहाँ दबाइए' असं लिहिलं होतं, तिथं मी अंगठा ठेवला आन भलत्याच ठिकाणी पोचलो. तिथं नंबर मागितला, मी देऊन टाकला. तवापासून एसीवाली एक बाई मले फोन करते. मले सर म्हणते. घरात मले कोणी सर म्हणत नाही, म्हणून मी उचलतो.

काकाजीनं जाहिरात खाली सरकवली. पुन्हा तपासा म्हणून अर्ज केला. नाही. अजून खाली सरकवली. नाही. जवाब इतका लवकर येई का काकाजी म्हणाले, "हा माणूस नाही. एवढ्या लवकर कोणता सरकारी माणूसबी नाही म्हणत नाही."

मंग त्यायनं कंपनीची मदतीची सारी पानं वाचून काढली आन एक ओळ शोधली. मोठ्या साइटीयले वेगळे नियम आहे का, याचा जवाब. नियम सगळ्यायले सारखेच आहे, पण काही मोठ्या भागीदारायसोबत वेगळा करार असू शकते. त्या 'पण'नं काकाजीचं सारं आयुष्य बदललं. "'पण'च्या अलीकडे आपण," म्हणत, "पलीकडे ते." मले एकदा पोलिसानं सीटबेल्टसाठी थांबवलं आन पुढच्या साहेबाच्या गाडीले सोडलं. चूक माझीच होती, तो पट्टा मी आरशाले टॉवेल बांधाले वापरतो. तरी घरी येऊन रडगाणं गायलो. काकाजी फक्त "पण" म्हणाले आन चहा ओतू लागले.

"मोठ्यायले काय जास्त भेटते, मालूम आहे का तुले?" त्यायनं इचारलं.

"पैसा."

"तो तं भेटतेच. त्यायले फोन उचलणारा माणूस भेटते. त्यायचं बंद पडलं का ते माणसाले फोन लावते. आपलं बंद पडलं का आपण मशीनले अर्ज करतो."

होळी झाली. लोकायनं कूलर माळ्यावरून उतरवले, साइटवर गर्दी सुरू झाली आन जाहिराती बंदच. "उन्हाळा गेला का ही साइट म्हणजे मे महिन्यातलं स्वेटरचं दुकान," काकाजी म्हणत. जेवण कमी झालं त्यायचं. मी दोघायचंही जेवलो, दुसरं काय करणार.

रविवारी दुपारी असाच त्यायच्याकडे जेवाले बसलो होतो आन त्यायच्या पोरीचा व्हिडिओ कॉल आला. सीमा हैदराबादले राहते. कंप्युटरच्या कंपनीत आहे, एवढंच मले मालूम. काकाजी मराठीत बोलते, ती हिंदीत जवाब देते, दोघायलेही त्याचं काही वाटत नाही.

"जेवली का?"

"अभी कहाँ पापा. आज भी ऑफिस आना पड़ा. एक बड़ी वेबसाइट के विज्ञापन बंद हो गए थे, सुबह से फोन पे फोन. चालू करवा के दिए तब छोड़ा."

माझा घास तोंडातच राहिला. तिच्या गळ्यात ऑफिसचा पट्टा होता आन त्याच्यावर एक रंगीत निशाणी. इंग्रजी मले येत नाही, पण ती निशाणी मी झोपेतबी ओळखीन. जाहिराती बंद केल्याच्या मेलवर हीच होती, आन काकाजीनं मले तो मेल इतक्यांदा दाखवला होता.

"और आपकी कूलरवाली साइट?" ती म्हणाली. "सीजन आ गया ना?"

"एकदम फर्स्ट क्लास," काकाजी बोलले.

मी तोंड उघडलं. काकाजीनं माझ्या पायावर पाय दिला. म्हाताऱ्याच्या टाचेत भलता जोर आहे. मी तोंड उघडलंच होतं म्हणून वरणभात भरून घेतला.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काकाजी, तो फोन उचलणारा माणूस तं तुमच्याच घरचा आहे. एक शब्द टाकला असता तं संध्याकाळपर्यंत काम झालं असतं."

"हव, झालं असतं."

"मंग बोलले काहून नाही?"

काकाजीनं ताट बाजूले सरकवलं. "दिवसभर तिले जो तो फोन करते. माझं चालू करून दे, माझं चालू करून दे. एक तरी फोन असा असू दे ना, ज्याच्यात कोणाचं काही अडलं नाही."

"मंग त्या जाहिरातीचा एवढा जीव काहून जाळता? खड्ड्यात घाला."

"तिच्या कंपनीच्या होत्या बे," काकाजी म्हणाले. "सकाळी साइट उघडली का पोरगी घरात आहे असं वाटे. एसीची असली म्हणून काय झालं."

 मी ताटं उचलली आन एक फोडलं.

दुसऱ्या रविवारी फोन वाजला तवा काकाजी अंगणात होते. "उचल बे," ओरडले. मी उचलला.

"गज्जू भैया, सच बताना," सीमा म्हणाली. "पापा की साइट ठीक चल रही है ना? आवाज थोड़ी ढीली लग रही थी उस दिन."

आता मी असा माणूस, का पोलिसानं फक्त टाइम इचारला तरी लायसन घरी राहिलं म्हणून सांगतो. अंगणात काकाजी बादली हातात धरून उभे होते. आत येत नव्हते.

"मस्त चालून राहिली, दीदी," मी म्हटलं. "आवाजाचं म्हणाल तं चेचची पालेभाजी खाऊन पोट बिघडलं होतं त्यायचं."

ती खूप हसली. "पापा को दो जरा. भाजी किसने बनाई थी?"

काकाजीनं हात धोतराले पुसले, फोन घेतला आन घरात कधी न बनलेल्या भाजीची गोष्ट सांगाले बसले. भाजी मी जाळली होती असं सांगितलं त्यायनं.  मी जिन्यावर बसून आयकत राहिलो, आन ती गोष्ट ते लांबवत राहिले.