पुंडलिकबाबांची परवान्याची तळी

आमचे शेजारी पुंडलिकबाब लग्नाला जातानासुद्धा घराच्या कागदांची पिशवी बरोबर नेतात. पुतणीचं कन्यादान करायला बसले होते. भटजींनी गोत्र विचारलं आणि ह्या गृहस्थांनी पिशवीत हात घातला!

तीस वर्षं त्यांनी डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवला. पास हातात पडल्याशिवाय खाणीच्या फाटकाबाहेर चाक काढलं नाही. "कागद ना, तर गाडी ना!" हे त्यांचं पालुपद. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, पालुपद तेवढं राहिलं. आता शेवग्याची फांदी रस्त्यावर आली तरी ती तोडण्याआधी पंचायतीत विचारून येतात.

अशा माणसानं एक दिवस मला कुंपणावरून हाक मारली. "मास्तर, एक अर्ज लिहून द्या. परसात पोहायची तळी बांधतोय."

मी शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे वाड्यावरचे, म्हणजे आमच्या वस्तीतले, सगळे अर्ज माझ्याच गळ्यात पडतात. पण पुंडलिकबाबांना पोहता येत नाही हे मला ठाऊक होतं. मयेच्या तळ्यावर गेले तरी ते काठापासून चार हात लांब उभे राहतात.

"तळी कोणासाठी?"

"अर्जात ते विचारलंय?"

"नाही."

"मग लिहू नका."

वाड्यावर ज्यानं त्यानं सल्ला दिला, पाण्याची टाकी म्हणून बांधा, कोण बघायला येतोय? पुंडलिकबाब भडकले. "खोट्या टाकीत खरं पोहायचं कसं रे?"

मग सुरू झाली वणवण. जमिनीचा उतारा, सनद, इंजिनिअरचा नकाशा, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला. एका कचेरीत नकाशाच्या तीन प्रती मागितल्या, तर ह्यांनी सात दिल्या. तिथल्या कारकुनाला ते इतके ओळखीचे झाले की त्यानं आपल्या मुलाच्या बारशाचं आमंत्रण दिलं.

तळी कुठे येणार ते कळावं म्हणून त्यांनी परसात चुन्याची रेघ मारली. त्या दिवसापासून रेघेच्या आतून कोणी चाललेलं त्यांना खपेना. पोस्टमन सरळ आला की ओरडायचे, "अरे, कडेनं ये, बुडशील!" मोजणीला आलेल्या साहेबालाही त्यांनी कडेनंच फिरवलं. साहेब म्हणाले, हद्दीपासूनचं अंतर वीतभर कमी पडतंय. पुंडलिकबाबांनी त्यांच्यासमोरच केरसुणी आणून रेघ पुसली आणि तळी दोन विती आत सरकवली.

शेवटी गाडं अडलं ते पंचायतीत. शेजारणींनी हरकत घेतली होती: तळी भरायला पाणी उपसलं तर आमच्या विहिरी आटतील. हरकत खरी होती. सरपंचबाईंनी स्पष्टच विचारलं, "पुंडलिकबाब, ह्या वयात तुम्हांला ही हौस कशाला?"

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली. त्यांच्या बायकोच्या, सुमतीवहिनींच्या डॉक्टरांची होती ती. दोन्ही गुडघे गेलेले, पाण्यात व्यायाम केला तर चालणं टिकेल, असं लिहिलेलं.

"विहिरीचा थेंब घेणार नाही," ते म्हणाले. "टँकर आणीन. तसं लिहून देतो."

लगेच लिहूनही दिलं, आणि खाली साक्षीदार म्हणून सही करायला हरकतवाल्या बायकाच पुढे आल्या.

तळी झाली. लहानशीच, पण निळ्या फरशीची. पहिल्या दिवशी सकाळी आम्हांला बोलावलं. सुमतीवहिनी कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. "सवकास गे, सवकास!" पुंडलिकबाब वरून ओरडत होते. पाणी छातीला लागलं, वहिनींनी कठडा सोडला आणि सपासप हात मारत थेट पलीकडच्या टोकाला! मी बघतच राहिलो.

"पेडण्याची ती," पुंडलिकबाब हळूच म्हणाले. "नदीकाठचं माहेर. लग्न होऊन आली तेव्हा मागच्या ओहळात रोज पोहायची. मग खाणीची माती वाहून आली, ओहळ लाल झाला, गाळानं भरला. ती एका शब्दानं बोलली नाही हो मास्तर. पण ती माती मीच ओढत होतो ना? तीस वर्षं."

डॉक्टरांची चिठ्ठी तर गेल्या वर्षीची होती, ही उधारी तीस वर्षांची.

"येताय ना?" वहिनींनी पाण्यातून नवऱ्याला हाक मारली.

"मला कुठं येतंय पोहायला?"

"म्हणून तर म्हणते, या."

पुंडलिकबाबांनी सदरा काढून माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून पायऱ्या उतरले. वहिनींनी त्यांना पाण्यावर आडवं केलं, पोटाखाली हात घातला. त्यांनी घाबरून वहिनींचा खांदा घट्ट पकडला.

"सोडा मला," वहिनी हसत म्हणाल्या. "पाय मारा. मी धरलंय."