वाळूतले गोल्फर परबकाका

परबकाकांच्या गाडीत एकवेळ स्टेपनी नसेल, पण प्लास्टिकच्या गवताची हातभर चटई असायचीच. मस्कतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत मी सर्व्हिस मॅनेजर आणि काका आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. मूळचे कुडाळकडचे. आठवडाभर गच्च्यांवर कॉम्प्रेसरशी झटायचे आणि शुक्रवारी सकाळी गोल्फ खेळायचे. तोही वाळूत.

त्या जुन्या मैदानात गवताचं पातं नव्हतं. बॉल चटईवर ठेवायचा, हाणायचा, चटई काखोटीला मारून त्याच्यामागे चालू लागायचं. भोकाभोवतीची वाळू तेल घालून दाबलेली. तिच्यावरची आपली पावलं काका झाडूने अशी पुसायचे, की आमच्या घरच्या मंडळींनी त्यांची शिकवणी लावावी. पुढे मस्कतला गवताची मैदानं झाली, लोक तिकडे वळले. काका हलले नाहीत. तिथली फी न परवडणारी, पण सांगायचे मात्र वेगळंच. "वाळूत शिकलेला माणूस कुठे अडत नाही, साहेब. यल्ला, पुढे चला!" आणि खरोखर अडायचे नाहीत. दहा-दहा हजारांचे बूट घातलेल्या साहेबांना हा माणूस रबरी बुटांत हरवायचा आणि वर त्यांच्या घरच्या एसीची चौकशी करायचा.

२०१४च्या एप्रिलमध्ये आम्हा दोघांना ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं. काकांनी बॅगेत आधी चटई भरली, मग उरलेल्या जागेत कपडे. तिथल्या फॅक्टरीतला डेव्हिड गोल्फवेडा. रविवारी तो आम्हाला आपल्या क्लबात घेऊन गेला. म्हातारे ओक, मधून ओढा, आणि गवत असं की पाय टाकायला संकोच वाटावा. एकदा तरी खऱ्या गवतावर अठराच्या अठरा भोकं खेळायची, हे काकांचं किती वर्षांचं स्वप्न! मला खेळता येत नाही, मी नुसता बरोबर चालत होतो.

पहिला फटका लाकडी खुंटीवरून, झकास गेला. दुसऱ्याच्या वेळी काकांनी त्या हिरव्या गालिच्यावर आपली चटई अंथरली. डेव्हिडला वाटलं, आता हे जेवायला बसतात.

"नो मॅट, मिस्टर परब!"

"अहो, पण गवताला लागेल!" काका मला म्हणाले.

लागलंच. तळहाताएवढं ढेकूळ उडालं. काका काठी टाकून त्यामागे धावले. ढेकूळ जागेवर बसवलं, पायाने दाबलं, बाटलीतलं पाणी घातलं आणि "सॉरी, सॉरी" म्हणाले. डेव्हिडला नव्हे, गवताला. मग प्रत्येक फटक्याला हेच. मागची मंडळी खोळंबली. सहाव्या भोकापाशी काकांनी बॉल खिशात टाकला. "खलास. डेव्हिडला सांगा, तू खेळ. माझ्याच्याने होणार नाही."

डेव्हिड पुढे गेला. काका बूट काढून ओकाखाली गवतात बसले, एक फोटो काढून बायकोला पाठवला आणि फोन लावला.

"फोटो बघलंस? श्रावणात आपलो मळो असोच दिसता मा गो? माका आता नीट आठवणा नाय."

मी तिथेच उभा राहिलो. उन्हाळ्यात मस्कतच्या एसीवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून रजा जानेवारीत, जेव्हा कोकणातली शेतं कापून सुकलेली असतात. रजेचा तक्ता मीच करतो. नऊ वर्षं मी परबांच्या नावापुढे न विचारता जानेवारी लिहीत आलो. माझ्या आधीच्या मॅनेजरनेही तेच केलं. सव्वीस वर्षांत या माणसाने आपलं गाव हिरवं पाहिलेलं नव्हतं, आणि कधी चकार शब्द काढला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

त्यांनी फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "काका, यंदा श्रावणात घरी जा."

"ऑगस्टात? गिऱ्हाईकं मारतील, साहेब."

"मला मारू देत."

 काकांनी लगेच बायकोला पुन्हा फोन लावला. पलीकडून "हॅलो" ऐकू येताच म्हणाले, "अगो, श्रावणात मी घराक येतंय. मळो आता डोळ्यांनीच बघतंय!"