यमुनाक्काची कढई

मार्गशीर्ष वद्य पंचमी. सकाळी दाट धुके, दहानंतर कोवळे ऊन.

मुलांनो, एका जंगलात त्या दिवशी एक अस्वलीण पहाटेपासून धास्तावलेली होती. तिचे नाव यमुनाक्का. बेहड्याच्या झाडाखाली तिची कॉफीची टपरी होती. अकरा वर्षे ती लोखंडी कढईत बिया भाजत होती. बिया पहिल्यांदा तडतडल्या की कढई उतरवायची, दुसऱ्या तडतडीची वाट पाहायची नाही, हे तिला आईने शिकवले होते.

भिवातात्या साळिंदर रोज पहिला पेला घ्यायचे. प्यायचे, पेला उपडा ठेवायचे आणि म्हणायचे, "अक्का, आजचा दिवस सुरू झाला बघ." यापलीकडे कॉफीबद्दल कुणी काही बोलत नसे.

मग वाघमहाराजांचे मेहुणे परदेशातल्या जंगलांची सहल करून आले, आणि आठ दिवसांत हुकूम निघाला. उत्तम कॉफीत चॉकलेटची छटा असते. ज्या टपरीच्या कॉफीत ती नसेल, ती टपरी बेहड्याखालून उठवावी.

तुम्ही चॉकलेट खाल्लेले आहे, मुलांनो. त्या जंगलात ते कुणीच खाल्लेले नव्हते. अक्काने चौकशी केली. एका वानराने सहलीला आलेल्या माणसांनी टाकलेला कागद एकदा चाटला होता. त्याला चव विचारली, तर तो म्हणाला की कागदासारखी होती.

त्या पंचमीला तपासणीसाठी मृणालिनी चिचुंद्री आल्या. चिचुंद्रीच्या अंगाला कसला वास येतो, हे जंगलात सर्वांना ठाऊक होते. पण बाईंकडे नाकाचे प्रमाणपत्र होते, त्यामुळे सर्वांनी आपापली नाके मुकाट्याने धरली.

अक्काने बिया कढईत टाकल्या. तेवढ्यात बाईंनी जीभ या विषयावर बोलायला सुरुवात केली. जिभेचे टोक, कडा, मूळ, सगळे झाले. पहिली तडतड झाली. अक्काचा हात शिवशिवला. पण सरकारी व्याख्यानातून उठायचे कसे? दुसरी तडतड झाली. मग धूर निघाला.

"मॅडम, हे करपलं," अक्का हात जोडून म्हणाली. "दुसरा घाणा टाकते."

"हेच कुटा."

अक्काने रडवेली होऊन कुटले, उकळले, ओतले. बाईंनी चमचाभर कॉफी सुर्रकन ओढली, डोळे मिटले आणि वहीत लिहिले, 'गडद चॉकलेट. शेवटी किंचित राख. अतिउत्तम.'

भिवातात्यांनीही घोट घेतला. "अक्का, कढई लागली का गं आज?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि वहीत दुसऱ्या पानावर लिहिले, 'जीभ अप्रशिक्षित.' तात्यांना बाईंच्याच वर्गात तीन आठवडे बसावे लागले.

टपरी वाचली. अक्का रोज धूर निघेपर्यंत भाजू लागली. लांबलांबचे प्राणी येऊ लागले. तेही डोळे मिटायचे. तात्या वर्ग संपवून परतले. एक घोट घेऊन म्हणाले, "कोको. मागाहून जरासं ओलं लाकूड." मग ओढ्यावर जाऊन त्यांनी चूळ भरली. अक्काने ते पाहिले आणि पाठ फिरवली.

तपासणीला महिना झाला, तेव्हा एका सकाळी तिला राहवले नाही. पहिली तडतड झाली आणि तिने कढई उतरवली. तात्या यायची वेळ झालीच होती. अकरा वर्षे ओतत आली तशी कॉफी तिने त्यांच्या पेल्यात ओतली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

तात्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. त्यांचे काटे हळूहळू अंगालगत बसले. पेला त्यांनी तळापर्यंत संपवला आणि उपडा ठेवला.

"अक्का," ते म्हणाले, "आज छटा लागली नाही. मला कळवावं लागेल."

"तात्या, अहो, तुम्हाला आवडायची तशीच केली."

"तेव्हा मी शिकलेला नव्हतो गं."

माघ शुद्ध द्वितीया. आकाश निरभ्र, वारा पूर्वेचा. तक्रार मंजूर झाली. पहिलीच चूक म्हणून टपरी उठवली नाही, पण कढई दुसऱ्या तडतडीआधी उतरवू नये, अशी अक्काला लेखी ताकीद मिळाली. पुढील वर्षाचे परीक्षक म्हणून भिवातात्या साळिंदर यांची नेमणूक झाली.

तात्पर्य : आपल्या जिभेवर कधी विसंबू नये. तिच्याकडे प्रमाणपत्र नसते.