नाथा सुताराची बैठक

नाथा सुताराने कारखान्यात पाऊल टाकण्याआधीच हत्यारांची पिशवी बायकोच्या, विमलबाईच्या हातात देऊन टाकली. "घरी ने गो. आजपासून हातोडी बंद. आता मी मशीनवाला."

पेणमधल्या दिनानाथशेठच्या गणपती कारखान्यात हवेच्या दाबाने खिळे ठोकणारी नेलगन आली होती. बाहेरगावी जाणाऱ्या मोठ्या मूर्तींच्या लाकडी चौकटी यंदा तिनेच ठोकायच्या होत्या. शेठची अट एकच होती. नाथाने पहिली चौकट काही भानगड न करता ठोकली, तर हंगामभर मशीन त्याच्याकडे. जरा कुठे चूक झाली, तर मशीन खांब गावच्या पोपटकडे. पोपट नाथाच्या निम्म्या वयाचा होता आणि डोळ्यांना चष्मा लावून सकाळी आठपासूनच तयार उभा होता.

मशीन विकणाऱ्या माणसाने नियम सांगितले. डोळ्यांवर चष्मा हवा. ढगळ कपडे नकोत. तोंड लाकडाला नीट टेकेपर्यंत घोड्यावर बोट ठेवायचं नाही, कारण बोट दाबलेलं असलं की जिथे तोंड दाबलं जाईल तिथे खिळा गेलाच. पोपटने मान डोलावली. नाथाने जांभई दिली. तीस वर्षांत माझं एक नख काळं झालं नाय, असं त्याने त्या माणसाला ऐकवलं. लुंगीबद्दल बोलायचं असेल तर गावी जाऊन स्वतःच्या सासऱ्याशी बोल, असंही वर सुनावलं.

मग तो चौकटीच्या पाटावर, म्हणजे मूर्तीखालच्या जाड फळ्यांवर, कडेला उकिडवा बसला. सुतार आपल्या लाकडावर असाच बसतो. लुंगी पुढे तंबूसारखी पसरली. नवं हत्यार हाती घेतलं की त्याला नमस्कार करायचा, हा नाथाच्या घराण्याचा रिवाज. त्याने नेलगन पुढ्यात टेकवली, मूठ घोड्यासकट घट्ट धरली, डोळे मिटले आणि तिच्या पाठीवर कपाळ टेकलं.

फाट्!

घराण्यात नमस्कार तीनदा करतात. नाथाने तो तीनदा केला.

रंगकाम करणाऱ्या सात बायकांना वाटलं, काम सुरू झालं. हौसाने तर टाळ्या वाजवल्या. नाथाने कपाळावरचं टेंगूळ चोळत खाली पाहिलं. गुडघ्यांच्या मधोमध लुंगी तीन खिळ्यांनी पाटाला जडली होती, जशी चामडं ताणून संबळ बांधावी तशी.

खिळे उपटायला पकड हवी होती. पकड पिशवीत, पिशवी घरी. लुंगी सोडून उठावं, तर आत काय होतं ते विमलबाईलाच ठाऊक, आणि समोर सात बायका. शेठला सांगावं, तर मशीन पोपटकडे. नाथाने ठरवलं, उठायचंच नाही.

"खांब आणा रे इकडं," त्याने हुकूम सोडला.

बसल्या जागी वळून त्याने पाटाचे तीन कोपरे ठोकले. चौथा पाठीमागे राहिला. तिथे हात पोचेना. त्याने मोठ्या मनाने मशीन पोपटकडे दिलं. पोराला पण जरा शिकू दे, म्हणाला. पोपटने चष्मा सारखा केला, घोड्यावरचं बोट बाजूला ठेवलं, तोंड टेकवलं आणि मगच दाबलं. कोपरा सरळ बसला. शेठने तो हात फिरवून पाहिला.

मग पाच फुटी गणपती पाटावर आला. नाथा तिथेच, मूर्तीच्या पायाशी. रंगकामातली ठमाबाई कडाडली, देवाच्या पाटावर ठाण मांडून बसायला लाज कशी वाटत नाही.

"मूर्ती डुलली म्हंजे? टेंपोत कोण धरील, तू?" नाथा म्हणाला. "मी रोह्यापर्यंत असाच जाणार."

शेठला ते पटलं. सहा जणांनी गणपती उचलला आणि सोबत नाथाही उचलला गेला. वाटेत गडब गावात ड्रायव्हर चहाला थांबला. गावकरी टेंपोजवळ येऊन हात जोडत होते. एका म्हातारीने गणपतीपुढे जास्वंद ठेवली आणि एक नाथाच्या कानावर खोवली. नाथाने डोळे उघडले नाहीत. चहाही मागितला नाही.

रोह्यात मंडळाचे अध्यक्ष हैबतराव वाट पाहत होते. मूर्तीच्या बोटाचा टवकाही उडाला नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदाच! त्यांनी तिथूनच शेठला फोन लावला. त्यांची पाठ वळलेली पाहून नाथाने सगळा जोर लावून हिसका दिला. तीन खिळ्यांखाली लुंगीचा तळहाताएवढा तुकडा मागे राहिला आणि नाथा सुटला. भोकापुढे हात धरून तो उभा राहतो न राहतो, तोच फोन त्याच्या कानाला लागला.

"नाथा, नाव काढलंस," शेठ म्हणत होते. "अध्यक्ष म्हणतात, दर मूर्तीसंगं हाच माणूस पाठवा. मग असं करू. मशीन पोपट बघंल. तू हंगामभर टेंपोत बसायचं, आज बसलास तसंच. काय अडचण हाय का?"

नाथाने पाटावरच्या तुकड्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तरी मशीन पोपटकडेच जाणार होतं.

"अडचण कसली?" तो ताठ होत म्हणाला. "मशीन काय, कोणी पण चालवंल. पेण ते रोहा असं बसून दाखवायला सांगा त्या पोपटला."