बुटाच्या वासाचं कुणीच बोलेना

बसा असे निवांत. बुटाच्या वासापायी एक शहाणा माणूस कसा गोत्यात आला, ते सांगतो. हसायचं तर खुशाल हसा, पण माणूस लाख मोलाचा, तेवढं ध्यानात ठेवा.

सगळे त्याला पावडर म्हणत. विद्यापीठात सात वर्षं घासून त्यानं एक पावडर तयार केली होती. बुटात चिमूटभर टाकली की वास पळालाच समजा. माल झकास, पण विकणार कोण? ह्याच्या तोंडाला कायमचं कुलूप. म्हणून विद्यापीठानं त्याला धंदा शिकवायच्या वर्गात घातलं. तिथल्या बाई भलत्याच कडक.

"शुक्रवारपर्यंत तीस जणांशी बोलायचं," बाई म्हणाल्या. "पावडरीचं नाव काढायचं नाही. नुसतं विचारायचं, तुमची अडचण काय? त्यांनी सांगितलं की विचारायचं, का? परत, का? पार मुळाशी जायचं."

"आणि वासाचं कुणीच बोललं नाही तर?"

"तर तुझी पावडर कुणाला नकोय. प्रयोगशाळेतलं तुझं टेबल दुसऱ्याला देऊ."

सात वर्षांचं टेबल! पावडर घाम पुसत निघाला तो थेट बूट दुरुस्त करणाऱ्या काकांच्या टपरीवर. जिथं बूट तिथं वास, सरळ हिशेब.

"काका, तुमची सगळ्यात मोठी अडचण काय?"

काकांनी हातोडी खाली ठेवली. चाळीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

"सूनबाई बोलत नाही रे माझ्याशी."

"का?"

"तिच्या नव्या सोफ्याला नावं ठेवली मी."

"का?"

"माझी जुनी खुर्ची भंगारात घातली ना तिनं!"

"खुर्चीचं एवढं का, काका?"

काका हातातला बूट उगाच पुसायला लागले. "तिच्यावर बसून आमची ही स्वेटर विणायची रे. गेली बिचारी."

पावडरलाही गलबलून आलं. वहीत काय लिहावं सुचेना. त्यानं 'खुर्ची' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीवाल्या मावशींना हाताला धरून घेऊन आले. "हिचंही ऐक. हिचे गुडघे." मावशींनी निवृत्त मास्तरांना आणलं. त्यांचा मुलगा फोन करत नव्हता. बुधवारी रांग लागली. कुणी मध्येच घुसलं म्हणून भांडण झालं, मग मास्तरांनी नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या. पावडर बिचारा सगळं लिहून घेई. सून, गुडघे, जावई, शेजाऱ्याचं कुत्रं. वासाचं मात्र कुणी अवाक्षर काढेना.

गुरुवारी त्यानं नियम मोडला. "काका, हात जोडतो. बुटांच्या वासाचा काहीच त्रास नाही का हो तुम्हाला?"

"त्रास? अरे, त्याच्यावर तर पोट चालतं! बुटाला वास असला की गिऱ्हाईक ओशाळतं. घासाघीस करत नाही. मागेन तेवढं देऊन पळतं."

झालं! सात वर्षं पाण्यात.

शुक्रवारी बाईंनी वही चाळली. "एकतीस माणसं. वासाचं एकही नाही."

"नाही, बाई."

"मग टेबल..." बाई मध्येच थांबल्या. "पण ही माणसं तुझ्याशी तास-तासभर बोलली? माझ्या वर्गात तर मी तोंड उघडलं की पोरं मोबाइल काढतात."

पावडरच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "का?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि सांगायला लागल्या. जेवणाची सुट्टी झाली, संपलीसुद्धा. बाई अजून चौथ्या 'का'वरच होत्या.

टेबल राहिलं. अट एकच, नव्या पोरांना लोकांशी बोलायला पावडरनं शिकवायचं. तोंडाला कुलूप असलेला माणूस आता मास्तर झालाय! तिसरी तुकडी चालू आहे. दारात रांग असते. लोक त्याला पोटातलं सगळं सांगतात, पण बुटाचं कुणी सांगत नाही. पावडरीचा डबा भरलेला तसाच. तो रोज पुसून ठेवतो.

तेव्हा तुम्हाला एक विनंती आहे. विद्यापीठाच्या बाजूला गेलात तर जरा आत डोकावा. "अडचण काय?" असं तो विचारेल. तुमचे गुडघे, तुमची सून, सगळं तेवढ्यापुरतं गिळा आणि म्हणा, बुटाला फार वास येतो हो. येत नसला तरी म्हणा.