कापाले काय शे?

सप्तपदीचं पाचवं पाऊल पडलं आणि भिकाने माझ्या नातवाच्या लग्नात नवरा-नवरीची गाठ कापली. कच्च. उपरण्याचा तुकडा इकडे, शालूचं टोक तिकडे. भटजी मंत्र विसरला, नवरीच्या आईने हंबरडा फोडला. मी ओरडले, "भिका, हाई काय करं तू?"

तो शांतपणे म्हणाला, "वैनी, टोक पंख्याकडे जात होतं."

"मेल्या, पंखा बंद आहे! लाईट गेलीय!"

"येईल तेव्हा?"

लाईट आली ती जेवणाच्या पंगती उठल्यावर. लग्न टिकलं. त्यांना आता पोरगीही आहे. पण त्या व्याह्यांकडे आजही आम्हाला 'गाठ कापणारे' म्हणतात.

भिका माझा शेजारी. लिंबायतमध्ये आमची दारं समोरासमोर. आम्ही दोघंही धुळ्याकडचे, पोटासाठी सुरतेत आलो. तो पॉवरलूमचा मास्तर, म्हणजे लूम बिघडले की नीट करणारा. शर्टाच्या खिशात त्याने स्वतः बनवलेला कटर असतो. बोटाएवढा, पुढून बोथट, खुरप्यासारखा आत वळलेला, धार फक्त आतल्या बाजूला. लोंबता दोरा दिसला की याचा हात खिशात गेलाच. ओढणीचे गोंडे, शाळेच्या पिशवीचे बंद, देवळातल्या बाईच्या पर्सची झालर, त्याने काहीही सोडलं नाही. गल्लीतल्या बाया तो दिसला की पदर खोचून घेतात. मी तर त्याला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, माझ्या लुगड्याला हात लावलास तर मुसळ घालीन.

कोणी नवीन यंत्र आणलं, नवी गाडी घेतली, की पेढा खायच्या आधी हा विचारणार, "कापाले काय शे?" म्हणजे, अडकलं तर कापायला जवळ काय आहे? दगडू रिक्षावाल्याने नवी रिक्षा आणली तेव्हाही हेच. दगडू म्हणाला, "केक आहे, तो काप."

भिकाचा मुलगा योगेश, बिचारा. उत्तरायणाला अख्खं सुरत गच्चीवर, आणि हा पोराला घेऊन घरात. पतंग नाही, मांजा नाही. बुटांनाही नाड्या नाहीत, चिकटपट्टी. राखी बांधली की लोंबता दोरा लगेच छाटायचा. असल्या बापाचा पोरगा घरातून पळणार नाही तर काय करणार? पळाला तो थेट समुद्रात. द्वारकेच्या बाजूला पर्यटकांना पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली मासे दाखवतात, तिथे नोकरीला लागला.

सुट्टीवर आला तेव्हा माझ्या ओट्यावर अख्खी गल्ली जमली. दगडूने मोबाईलवर बघितलं होतं की पाण्याखाली माणसं चाकूने शार्कशी लढतात. तो म्हणाला, "पोरा, तुला चांगला हातभर सुरा पाहिजे. मी आणून देतो."

योगेश हसला. "काका, शार्क सुरा बघून घाबरायला तो काय लिंबायतचा आहे? मासे काही करत नाहीत. आपण त्यांना छेडायचं नाही, एवढंच. पायाला सुरा बांधला तर गिऱ्हाईकच पळून जाईल. मालकाने एक ठेवलाय, तो होडीत पडलेला असतो."

"होडीत ठेवून काय उपयोग?" भिका म्हणाला.

"आबा, लढायचंच नाही तर चाकू कशाला?"

"लढाले कोण सांगतंय? मासा दिसतो तरी. दोरा दिसत नाही."

"समुद्रात कुठला आलाय दोरा?"

"माणूस जातो तिथे दोरा जातो," भिका म्हणाला आणि खिशातून नवाकोरा कटर काढला. न गंजणाऱ्या पत्र्याचा, कापडी म्यानात घातलेला. दगडू इतका हसला की त्याला ठसका लागला. "याने शार्कची नखं काढायची का?"

योगेशला लाज वाटली. त्याने कटर बापाच्या हातात परत कोंबला. "पुरे झालं आबा. लग्नात हसं केलंत, आता तिथेही करायचं का?"

मला वाटलं, आता भिका भडकणार. तो नाही भडकला. आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "वापरू नको. कोणाला दाखवू नको. फक्त अंगावर ठेव."

मी म्हटलं, "घे रे पोरा, म्हणजे हा गप्प बसेल." पोराने घेतला. मी तरी हसण्यावारीच बोलले होते.

तीनेक महिन्यांनी दुपारी भिका चालू फोन हातात घेऊन माझ्या दारात आला. "वैनी, तुम्ही पण ऐका. माझ्या कानात काही शिरत नाहीये."

फोनवर योगेश होता. आदल्या दिवशी पाण्याखाली खडकावर कोळ्यांचं टाकून दिलेलं जुनं जाळं पडलेलं होतं. एका गिऱ्हाइकाचा पाय त्यात गेला. सोडवायला योगेश खाली वाकला, तर त्याच्याच टाकीला जाळं अडकलं. हिसके दिले तसं आणखी आवळलं. टाकीतली हवा संपत चाललेली, आणि मालकाचा सुरा वर होडीत. मग त्याने कमरेचं म्यान चाचपलं.

"किती दोरे?" भिकाने विचारलं.

"मोजले नाहीत आबा. एकेक करून कापत गेलो."

"नायलॉन?"

"हो."

"मग धार गेली असेल. पाठवून दे, लावून देतो. आणि गोड्या पाण्याने धूत जा."

बस, एवढंच. फोन ठेवला आणि तो माझ्या ओट्यावर बसला.

त्याची बायको सुशीला पूर्वी कारखान्यात माझ्या शेजारीच कांड्यांवर सूत भरायच्या मशीनवर काम करायची. एक दिवस तिचा पदर मशीनच्या फिरत्या दांड्यात गेला. मी किंचाळले. भिका तिथेच होता. कात्री समोरच्या भिंतीला टांगलेली होती. तो धावला, घेऊन आला. तोवर उशीर झाला होता. योगेश तेव्हा रांगत होता. इतक्या वर्षांत भिकाने त्या दिवसाचं नाव काढलं नाही.

आज काढलं. "वैनी, बारा पावलं होती. कात्रीपर्यंत."

"माहीत आहे मला. तिथेच होते मी. चहा पी."

त्याने बशी तोंडाला लावली. मग त्याची नजर माझ्या पदरावर थांबली. काठाचा एक दोरा उसवून लोंबत होता. त्याचा हात खिशाकडे गेला आणि मुसळाच्या धाकाने तिथेच थांबला.

मी पदर पुढे केला. "काप."

त्याने कापला.

जाळ्यात दोघं अडकले होते, योगेश आणि ते गिऱ्हाईक. दोघंही जिवंत वर आले.